घरगुती लेमन टार्ट: पदार्थ एक, तापमाने दोन

१. प्रस्तावना

या पाठात आपण घरच्या ओव्हनमध्ये लेमन टार्ट कसा करायचा आणि त्यातली प्रत्येक पायरी तशीच का करायची, हे पाहणार आहोत. लेमन टार्ट हा फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या घरांत नेहमी होणारा पदार्थ. खाली मैदा आणि बटरचे बिस्किटासारखे खुसखुशीत कवच असते; त्यात लिंबाचा रस, साखर, अंडी आणि बटर यांचे मऊ, आंबट-गोड सारण भरलेले असते.

साहित्य साधे असूनही हा पदार्थ बहुधा दोनपैकी एका ठिकाणी बिघडतो. एक तर कवच तळाशी ओलसर राहते, नाही तर सारण फाटते आणि त्यात शिजलेल्या अंड्याचे कण दिसू लागतात. या दोन्हींचे मूळ एकाच गोष्टीत आहे. कवचातले पाणी घालवायचे असते, त्यामुळे त्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या बरेच वर जावे लागते. सारणातले पाणी मात्र अंड्याच्या प्रथिनांच्या जाळ्यात अडकवून ठेवायचे असते, त्यामुळे त्याचे तापमान १०० अंशांच्या बरेच खाली राहावे लागते. दोन्ही एकत्र कच्चे भरून भाजले, तर एकाला पुरेशी उष्णता मिळेपर्यंत दुसरे बिघडते. म्हणून दोन्ही वेगवेगळे शिजवायचे आणि शेवटी थोडा वेळ एकत्र आणायचे.

पाककृतीतली मिनिटे ती लिहिणाऱ्याच्या ओव्हनची असतात. तापमान मात्र पदार्थाचे असते. ते कोल्हापुरात, इंदूरमध्ये किंवा बंगळुरूत बदलत नाही. म्हणून या पाठात वेळ अंदाजाने दिली आहे, पण थांबायचे कधी ते तापमानावरून आणि लक्षणांवरून ठरवायचे आहे.

२. साहित्य (२० सेंमी व्यासाचा, २.५ सेंमी खोल टार्ट टिन)

कवचासाठी: मैदा १५० ग्रॅम, थंड बटर ७५ ग्रॅम, पिठीसाखर ४० ग्रॅम, एका अंड्याचा बलक, थंड पाणी १० मिलि, चिमूटभर मीठ.

सारणासाठी: लिंबाचा रस १२० मिलि, साखर १५० ग्रॅम, ३ अंडी आणि एक बलक, बटर ९० ग्रॅम, तीन-चार लिंबांची किसलेली साल.

साहित्याबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, लिंबू. युरोपातील पाककृतीत ‘लेमन’ म्हणजे जाड सालीचे, मोठे, पिवळे फळ. आपल्या बाजारातले कागदी लिंबू ही वेगळी जात आहे. ते लहान असते, साल पातळ असते आणि एका लिंबातून साधारण १५ ते २० मिलि रस निघतो. म्हणून ‘दोन लेमन’ असे वाचून दोन लिंबे घेऊ नका. रस मोजून घ्या. साल किसताना फक्त रंगीत थर घ्या. सुगंधी तेल त्यातच असते. त्याखालचा पांढरा थर कडू असतो.

दुसरी, बटर. बाजारातल्या बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. घरच्या लोण्यात ताकाचा अंश राहतो आणि पाण्याचे प्रमाण दर वेळी बदलते, त्यामुळे येथे बटरच वापरा. ते खारे असेल तर वेगळे मीठ घालू नका.

तिसरी, भांडे. रसातले सायट्रिक आम्ल ॲल्युमिनियम आणि पितळेशी अभिक्रिया करते आणि सारणाला धातूची चव येते. स्टील किंवा काचेचेच भांडे घ्या.

३. कवच: पाणी बाहेर काढणे

३.१ मळणे. मैद्यात ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन ही प्रथिने असतात. पाणी मिळाले आणि मळले, की त्यांचे चिवट ग्लुटेन बनते. पोळीला ते हवे असते, टार्टला नको असते. करंजीच्या किंवा शंकरपाळ्याच्या पिठात आपण मोहन घालतो, त्यामागचे तत्त्व हेच आहे. स्निग्ध पदार्थ पिठाच्या कणांभोवती थर देतो, पाणी आत सहज शिरत नाही आणि पदार्थ खुसखुशीत होतो. फरक एवढाच की करंजीत मोहन कडकडीत गरम असते आणि येथे बटर थंड असते.

मैदा, पिठीसाखर आणि मीठ एकत्र करा. बटरचे लहान तुकडे बोटांच्या टोकांनी पिठात चोळा. मिश्रण रव्यासारखे दिसले आणि त्याची मूठ वळली, की बलक आणि थंड पाणी घालून गोळा जेमतेम एकत्र करा. तिंबू नका.

३.२ थंड करणे. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते. नागपूरच्या किंवा हैदराबादच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराचेच तापमान तेवढे असते. वितळलेले बटर तेलासारखे पसरते आणि गोळा लाटताना चिकटतो. म्हणून गोळा चपटा करून, झाकून किमान अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. नंतर दोन बेकिंग पेपरच्या मध्ये ठेवून ३ ते ४ मिमी जाडीची पोळी लाटा आणि टिनमध्ये बसवा. कडेचा जास्तीचा भाग कापा, तळाला काट्याने टोचे मारा आणि टिन पुन्हा २० मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा.

३.३ रिकामे भाजणे. ओव्हन १८० अंशांवर आधी तापवून घ्या. कवचावर बेकिंग पेपर ठेवून त्यावर कोरडा राजमा किंवा हरभरे काठापर्यंत भरा. या वजनामुळे तळ फुगत नाही आणि कडा खाली घसरत नाहीत. सुमारे २० मिनिटांनी कागद आणि कडधान्य काढा आणि कवच आणखी १० ते १५ मिनिटे, तळ सोनेरी तपकिरी होईपर्यंत भाजा. भाजलेले कडधान्य शिजवायला उपयोगी नाही. ते डब्यात भरून पुढच्या टार्टसाठी ठेवा.

तपकिरी रंग का महत्त्वाचा? पृष्ठभाग ओला आहे तोवर येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते आणि तापमान १०० अंशांच्या आसपास अडकून राहते. पृष्ठभाग कोरडा झाल्यावरच ते पुढे चढते. साधारण १४० अंशांच्या वर अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यातली मेलार्ड अभिक्रिया वेगाने होऊ लागते. (फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामी मेलार्ड यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले.) म्हणजे तळाचा तपकिरी रंग ही तिथले पाणी गेल्याची खूण आहे. कवच फिकट असताना बाहेर काढले, तर पाणी अजून आत आहे असे समजा.

येथे एक छोटे गणित करू. कवचातून सुमारे ३० ग्रॅम पाणी घालवायचे आहे असे धरा. पाण्याची बाष्पीभवनाची सुप्त उष्णता प्रति ग्रॅम सुमारे २.२६ किलोज्यूल असते. म्हणून लागणारी उष्णता = ३० × २.२६ ≈ ६८ किलोज्यूल. १५०० वॉटचा ओव्हन एवढी ऊर्जा ४५ सेकंदांत देतो! मग अर्धा तास का लागतो? कारण बरीचशी उष्णता ओव्हनची हवा, भिंती आणि टिन यांच्यात जाते आणि कवचाच्या आत ती वहनाने सावकाश पोचते. येथे अडथळा ऊर्जेच्या पुरवठ्याचा नसून उष्णतेच्या संक्रमणाचा आहे. घाई म्हणून तापमान २२० अंशांवर नेले, तर कडा करपतील आणि तळ ओलाच राहील.

३.४ लेप. कवच गरम असतानाच उरलेल्या पांढऱ्या बलकाचा पातळ हात आतून फिरवा आणि २ मिनिटे परत भाजा. त्याचा पातळ पापुद्रा बनतो आणि सारणातले पाणी कवचात झिरपायला वेळ लागतो.

४. सारण: पाणी आत धरून ठेवणे

अंड्यातली प्रथिने ही गुंडाळलेल्या धाग्यांसारखी असतात. उष्णतेने ती उलगडतात, एकमेकांना जोडली जातात आणि त्यांच्या जाळ्यात पाणी अडकते. नुसते अंडे ६२ ते ७० अंशांच्या दरम्यान घट्ट होते. साखर आणि रस मिसळल्याने प्रथिने विरळ होतात आणि साखर त्यांचे उलगडणे लांबवते. त्यामुळे आपले मिश्रण साधारण ७५ ते ८० अंशांना दाट होते. ८५ अंशांच्या पुढे मात्र जाळे आवळत जाते, पाणी पिळून बाहेर टाकते आणि सारण फाटते. आपल्याला काम करायला मिळते ती जागा जेमतेम १० अंशांची आहे.

कृती: साखरेत किसलेली साल चोळा, म्हणजे सुगंधी तेल साखरेत उतरते. त्यात अंडी, बलक आणि रस घालून फेटा. भांडे मंद उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर असे ठेवा की त्याचा तळ पाण्याला टेकणार नाही. सतत ढवळत राहा. वाफेवर भांड्याचे तापमान १०० अंशांपुढे जात नाही, म्हणून चढण सावकाश होते. पण दुर्लक्ष झाले तर मिश्रण ८५ ओलांडू शकते. पाण्यावर ठेवल्याने वेळ मिळतो, जबाबदारी टळत नाही.

थर्मामीटरवर ७५ ते ७७ अंश दिसले की भांडे उतरवा. थर्मामीटर नसेल तर फेस नाहीसा होणे, चमच्यामागे थर बसणे आणि त्यावर बोटाने ओढलेली रेघ तशीच राहणे ही लक्षणे पाहा. येथे सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. साल्मोनेला जिवाणू मरावेत यासाठी अंड्याचे पदार्थ किमान ७१ अंशांपर्यंत तापावेत असा नियम आहे, त्यामुळे फाटण्याच्या भीतीने फार लवकरही थांबू नका.

सारण लगेच गाळा, म्हणजे भांड्याच्या गरम कडेला शिजलेले कण आणि साल निघून जाईल. गरम असतानाच बटरचे तुकडे घालून एकजीव करा.

५. दोन्ही एकत्र आणणे

सारण भाजलेल्या कवचात ओता आणि टार्ट १५० अंशांच्या ओव्हनमध्ये १० ते १५ मिनिटे ठेवा. हा टप्पा कशासाठी? ढवळत असताना प्रथिनांचे जाळे सारखे तुटत असते. आता ते न हलवता जुळू द्यायचे आहे. टिन हलकेच हलवून पाहा. कडा स्थिर आणि मधला रुपयाएवढा भाग जेलीसारखा थरथरत असेल तर टार्ट बाहेर काढा. बाहेर काढल्यावरही कडेची उष्णता मध्याकडे जात राहते आणि तो भाग आपोआप घट्ट होतो. मध्य पूर्ण स्थिर होईपर्यंत थांबलात, तर कडा हद्द ओलांडून गेलेल्या असतात.

टार्ट खोलीच्या तापमानाला आणून मग ३ ते ४ तास फ्रिजमध्ये ठेवा. थंड झाल्यावर सारणातले बटर गोठते आणि तुकडे नीट कापता येतात. दोन दिवसांत संपवा आणि उन्हाळ्यात बाहेर ठेवू नका.

६. अंडे न खाणाऱ्यांसाठी

कवचात बलकाऐवजी आणखी १५ मिलि थंड पाणी घाला आणि ३.४ मधला लेप वगळा. सारणासाठी पाणी २५० मिलि, कॉर्नफ्लोअर ३५ ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, रस १०० मिलि आणि बटर ५० ग्रॅम घ्या. येथे नियम उलटतो. स्टार्चचे कण पाणी शोषून पूर्ण फुगावेत यासाठी मिश्रण ९५ अंशांच्या आसपास, म्हणजे बुडबुडे येईपर्यंत न्यावे लागते. आधी पाणी, साखर आणि कॉर्नफ्लोअर ढवळत शिजवा. रस आणि बटर शेवटी, गॅस बंद करून घाला, कारण आम्लात फार वेळ उकळल्यास स्टार्चचे रेणू तुटतात आणि सारण पातळ होते. पाण्याऐवजी दूध वापरू नका. रसाने ते फाटेल. हे सारण भाजलेल्या कवचात ओतून थेट थंड करा, पुन्हा ओव्हनमध्ये ठेवायची गरज नाही.

७. दोष आणि कारणे

• तळ ओला: कवच फिकट असतानाच काढले. पुढच्या वेळी रंग येईपर्यंत भाजा.
• कवच आकसले: पीठ जास्त मळले किंवा थंड केले नाही.
• कवच दगडासारखे: पाणी जास्त झाले, ग्लुटेन बनले.
• सारणात कण: तापमान ८५ च्या पुढे गेले किंवा ढवळणे थांबले.
• सारण वाहते: ७५ अंशांच्या आधीच उतरवले.
• वरच्या पृष्ठभागावर भेगा: शेवटच्या टप्प्यात जास्त वेळ भाजले.

८. सारांश

कवच रंगावरून ओळखा, सारण तापमानावरून. पहिल्यातले पाणी जाऊ द्यायचे, दुसऱ्यातले राखायचे. एवढे लक्षात ठेवले, तर ओव्हन कोणताही असो, घड्याळापेक्षा टार्टकडे पाहून निर्णय घेता येतो.

९. स्वाध्याय

१) तुमच्याकडे १६ सेंमी व्यासाचा, तेवढ्याच खोलीचा टिन आहे. सारणाचे प्रमाण किती पट घ्यावे? (सूचना: क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.)
२) सुमारे २२०० मीटर उंचीवरच्या शिमल्यात पाणी साधारण ९३ अंशांना उकळते. तेथे अंड्याचे सारण शिजवणे सोपे जाईल की कठीण? कॉर्नफ्लोअरच्या सारणाचे काय?
३) कवचात ७५ ग्रॅम बटरऐवजी ६० ग्रॅम तूप वापरले, तर स्निग्धांश आणि पाणी यांत काय फरक पडेल? भाजण्याच्या वेळेवर त्याचा परिणाम काय होईल ते लिहा.