वॉटर लिलीला खत घाला, पण माशांना सांभाळून!

मैत्रिणींनो, अंगणातल्या हौदात वॉटर लिली लावायची आणि सोबत चार मासे सोडायचे, ही हौस पुष्कळजणींना असते. पहिल्या वर्षी फुलंच फुलं! दुसऱ्या वर्षी मात्र पानं लहान, पिवळट येतात आणि कळी दिसत नाही. घमेल्यातल्या मातीचा कस तिनं संपवलेला असतो. लिली उपाशी असते हो!

आमचीही तशीच झाली. मग मी शहाणीनं काय केलं, कुंड्यांना घालायचं दाणेदार खत मूठभर घेतलं आणि सरळ पाण्यात टाकलं. आठवड्याभरात पाणी हिरवंगार. एका सकाळी माझी शाळेला जायची घाई, तेवढ्यात धाकटी ओरडत आली, "आई, मासे वर येऊन तोंडं उघडताहेत!" चिवट गप्पी वाचले, पण पाचही गोल्डफिश गेले. तिनं ते प्राजक्ताखाली पुरले आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

झालं होतं असं, की पाण्यात विरघळलेलं खत लिलीऐवजी शेवाळानंच खाल्लं. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, पण रात्री तोच ओढून घेतं. त्यामुळे पहाटे माशांची घुसमट होते. शिवाय खतातला अमोनिया म्हणजे माशांना विषच.

लिलीला खत द्यायचं ते मुळाशी, मातीत. घमेल्याला चहाचा एक चमचा दाणेदार खत पुरे. जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात त्याची घट्ट पुरचुंडी बांधा आणि कंदापासून जरा दूर, बोटभर खोल दाबा. वरून माती सारखी करून बारीक खडी पसरा, म्हणजे मासे माती उकरणार नाहीत. उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत महिन्यातून एकदा. थंडीत वाढ मंदावली की बंद. नव्या लावलेल्या कंदाला चार पानं फुटेपर्यंत काही देऊ नका.

सासूबाई म्हणतात, शेणखत घाल. घाला, पण लावणीच्या वेळी मातीत मिसळून आणि चांगलं कुजलेलं. ताजं शेण पाण्यात कुजताना प्राणवायू खातं. आणि हो, हौदाला पाच-सहा तास ऊन नसेल तर कितीही खत घाला, फूल येणार नाही.

पाणी हिरवं झालंच, तर तिसरा हिस्सा काढून नवं भरा. नळाचं पाणी मात्र आधी दिवसभर उघडं ठेवलेलं हवं.

यंदा आमच्याकडे रोज दोन-तीन फुलं उमलताहेत. नवे गोल्डफिशही आलेत. पुरचुंडी दाबायच्या दिवशी धाकटी अजून माझ्या शेजारी उभी राहते, हात कमरेवर ठेवून!