प्रेम, गैरसमज आणि कुटुंबाची अब्रू : जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे एक वाचन

सारांश :
जेन ऑस्टिन यांची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) ही कादंबरी सामान्यतः नायकाचा अहंकार आणि नायिकेचा पूर्वग्रह यांच्या संघर्षाची व त्यांच्या मनोमीलनाची कथा म्हणून अभ्यासली जाते. या कादंबरीतील गैरसमज केवळ दोन व्यक्तींच्या स्वभावदोषातून निर्माण होत नाहीत. कुटुंबाची अब्रू राखण्यासाठी पाळले जाणारे मौन व संयम हेही त्यांचे एक महत्त्वाचे कारण आहे, हे प्रस्तुत लेखात कादंबरीतील प्रसंगांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : जेन ऑस्टिन, विवाहसंस्था, कौटुंबिक प्रतिष्ठा, पूर्वग्रह, मौन, आत्मपरीक्षण.

१. प्रस्तावना

जेन ऑस्टिन (१७७५-१८१७) यांनी या कादंबरीचा पहिला खर्डा १७९६-९७ या काळात 'फर्स्ट इम्प्रेशन्स' या नावाने लिहिला. १७९७ मध्ये त्यांच्या वडिलांनी लंडनच्या एका प्रकाशकाकडे याविषयी विचारणा केली. परंतु हस्तलिखित न पाहताच नकार देण्यात आला. पुढे पुनर्लेखन होऊन ही कादंबरी जानेवारी १८१३ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. लेखिकेने तिचे हक्क ११० पौंडांना विकले होते. मुखपृष्ठावर लेखिकेचे नाव नव्हते. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'च्या लेखिकेची कृती एवढाच उल्लेख होता.

मूळ शीर्षकाचा अर्थ 'प्रथमदर्शनी झालेली मते' असा होतो. नंतरच्या शीर्षकात अहंकार आणि पूर्वग्रह या दोन मनोवृत्ती आल्या. त्यामुळे अध्यापनात बहुधा डार्सीकडे अहंकार आणि एलिझाबेथकडे पूर्वग्रह अशी सोपी वाटणी केली जाते. कादंबरी अशी वाटणी टिकू देत नाही. डार्सी बेनेट कुटुंबाविषयी पूर्वग्रह बाळगतो, तर एलिझाबेथला आपल्या पारखी नजरेचा अभिमान आहे. शिवाय दोघांच्याही चुका एकांतात घडत नाहीत. त्यांच्यामागे कुटुंब, शेजारीपाजारी आणि लोकापवादाचे भय उभे आहे.

२. अब्रूमागील अर्थकारण

मराठीत 'प्रतिष्ठा' मिळवता येते, वाढवता येते; 'अब्रू' मात्र राखायची किंवा गमवायची असते. ऑस्टिन यांच्या कादंबरीतील अविवाहित मुलींच्या बाबतीत दुसरा शब्दच अधिक समर्पक ठरतो. या अब्रूला निश्चित आर्थिक मूल्य आहे, हे कादंबरीतील आकडे स्पष्ट करतात.

बेनेट यांच्या लाँगबोर्न येथील मालमत्तेचे वार्षिक उत्पन्न २००० पौंड आहे. परंतु ही मालमत्ता केवळ पुरुष वारसाकडे जाण्याच्या कायदेशीर बंधनाने बांधलेली आहे. बेनेट दांपत्याला पाच मुली असून मुलगा नाही. म्हणून वडिलांच्या पश्चात घर व जमीन कॉलिन्स या दूरच्या नातलगाकडे जाणार. विवाहाच्या वेळी पत्नी व मुलांसाठी राखून ठेवलेली रक्कम ५००० पौंड आहे. चार टक्के व्याजाने तिचे वर्षाला २०० पौंड येतील, म्हणजे विद्यमान उत्पन्नाचा केवळ दहावा हिस्सा, आणि त्यात आई व पाच मुली. एलिझाबेथला मागणी घालताना कॉलिन्स तिच्या वाट्याच्या एक हजार पौंडांचा उल्लेख करण्यास विसरत नाही.

याउलट बिंग्लीचे वार्षिक उत्पन्न चार ते पाच हजार पौंड आणि डार्सीचे दहा हजार पौंड आहे. तत्कालीन इंग्रजी कायद्यानुसार विवाहित स्त्रीचे स्वतंत्र आर्थिक अस्तित्व जवळपास नसे. तिच्या मालमत्तेवरील हक्काला १८७० व १८८२ च्या कायद्यांनी आकार दिला. अशा समाजात हुंड्याची रक्कम अल्प असलेल्या मुलीकडे रूप, वर्तन आणि घराण्याचा लौकिक एवढेच भांडवल उरते. त्यातील लौकिक हे पाचही बहिणींचे सामाईक भांडवल आहे. एकीने ते गमावले तर उरलेल्या चौघींचेही जाते. शार्लट ल्यूकस वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कॉलिन्सचा स्वीकार करते, तो निर्णय एलिझाबेथला अपमानास्पद वाटला तरी या हिशेबाच्या पार्श्वभूमीवर पाहिला असता अविवेकी म्हणता येत नाही.

३. गैरसमजाची जडणघडण

कादंबरीतील तीन प्रमुख गैरसमज येथे विचारात घेता येतात.

पहिला गैरसमज एलिझाबेथचा डार्सीविषयीचा आहे. मेरिटन येथील नृत्यसमारंभात डार्सी तिच्या रूपाविषयी उपेक्षेचे उद्गार काढतो आणि ते तिच्या कानी पडतात. ती हा प्रसंग मैत्रिणींना हसत हसत सांगते. पण दुखावलेला अभिमान पुढील प्रत्येक निरीक्षणाला रंग देत राहतो.

दुसरा गैरसमज विकहॅमविषयीचा आहे. देखणे रूप, गोड वाणी आणि अन्याय सोसल्याची कथा यांमुळे तो साऱ्या गावाचा लाडका होतो. डार्सीने आपल्याला ठरलेले धर्मोपदेशकाचे पद नाकारले, असे तो पहिल्या परिचयातच सांगतो. या कथेत विसंगती आहेत. डार्सीच्या दिवंगत वडिलांच्या आदरापोटी आपण त्याची बदनामी करणार नाही, असे म्हणणारा विकहॅम नेदरफील्डची मंडळी लंडनला जाताच तीच हकिगत गावभर सांगतो. डार्सीला सामोरे जाण्यास भीत नाही म्हणणारा हाच गृहस्थ नेदरफील्डच्या नृत्यसमारंभास अनुपस्थित राहतो. हे सर्व एलिझाबेथच्या डोळ्यांसमोर घडते. तिला पुरावा कमी पडत नाही. तो पाहण्याची इच्छा कमी पडते.

तिसरा गैरसमज डार्सीचा जेनविषयीचा आहे आणि अभ्यासकांचे त्याकडे तुलनेने कमी लक्ष जाते. जेनचे बिंग्लीवर मनापासून प्रेम आहे. पण तिच्या शांत चेहऱ्यावरून डार्सी तिला उदासीन समजतो आणि मित्राला तिच्यापासून दूर नेतो. यापूर्वीच शार्लटने इशारा दिलेला असतो, की स्त्रीने आपली भावना फारच झाकून ठेवली तर तिच्या प्रेमपात्रालाही ती कळणार नाही. एलिझाबेथला मात्र जेनच्या संयमाचे समाधान वाटते, कारण त्यामुळे शेजाऱ्यांच्या कुजबुजीला वाव मिळत नाही. जो संयम जेनची अब्रू राखतो, तोच तिच्या प्रेमाचा पुरावा पुसून टाकतो. मुलीने मन उघड केले तर लोक नावे ठेवतात आणि न केले तर तिला मनच नाही असे समजले जाते, हा पेच ऑस्टिन यांनी कोणतीही टीकाटिप्पणी न करता कथानकात गुंफला आहे.

४. पत्र आणि पुनर्वाचन

हन्सफर्ड येथे डार्सी एलिझाबेथला मागणी घालतो. आपले प्रेम व्यक्त करताना तिच्या कुटुंबाच्या हीनतेमुळे आपल्याला किती झगडावे लागले, हेही तो विस्ताराने सांगतो. एलिझाबेथ त्याला नकार देते. दुसऱ्या दिवशी तो तिच्या हाती दीर्घ पत्र ठेवतो. या पत्राचे वाचन हे कादंबरीचे वैचारिक केंद्र होय.

प्रथम वाचनात एलिझाबेथ संतप्त आहे. आरोपांना उत्तर म्हणून ती एकही शब्द खरा मानण्यास तयार नाही. मग ती पत्र पुन्हा उघडते आणि विकहॅमसंबंधीचा मजकूर वाक्यावाक्याने तपासते. त्याच्या चांगुलपणाचे एखादे उदाहरण आठवू पाहते, तेव्हा केवळ त्याचे हास्य आणि आवाज आठवतो. एकही सत्कृत्य आठवत नाही. येथे निवेदन तृतीयपुरुषी असले तरी नायिकेच्या विचारांची लय त्यात मिसळलेली आहे. वाचकानेही विकहॅमवर विश्वास ठेवलेला असल्याने एलिझाबेथचे आत्मपरीक्षण वाचकाचेही आत्मपरीक्षण ठरते.

पत्राचा दुसरा भाग स्वीकारणे तिला अधिक कठीण जाते. आई, धाकट्या बहिणी आणि प्रसंगी वडील यांच्या वर्तनातील औचित्यभंगाबद्दल डार्सीने लिहिलेले तिला लज्जास्पद वाटते, कारण ते खरे आहे. जेनच्या निराशेस तिच्या आप्तांचे वागणे कारणीभूत झाले, हे तिला मान्य करावे लागते. चुकीचे अनुमान आणि घरच्यांविषयीचे कटू सत्य एकाच पत्रात आल्यामुळे तिला डार्सीला पूर्ण दोषी किंवा पूर्ण निर्दोष ठरवता येत नाही. न्यायबुद्धी जागी होते ती येथेच.

५. मौनाची किंमत

पत्रातूनच एलिझाबेथला कळते, की विकहॅमने डार्सीच्या पंधरा वर्षांच्या बहिणीला, जॉर्जियानाला, रॅम्सगेट येथे पळून जाण्यास राजी केले होते. त्याचे लक्ष तिच्या तीस हजार पौंडांवर होते. बहिणीची अब्रू जाऊ नये म्हणून डार्सी ही गोष्ट गुप्त ठेवतो. लाँगबोर्नला परतल्यावर एलिझाबेथ आणि जेन विकहॅमचे खरे स्वरूप लोकांना सांगावे की नाही, याचा विचार करतात आणि न सांगण्याचे ठरवतात. डार्सीने तशी परवानगी दिलेली नाही, लोक विश्वास ठेवणार नाहीत आणि पलटण लवकरच गाव सोडणार आहे, अशी त्यांची कारणे आहेत. प्रत्येक कारण सद्हेतूचे आहे.

पलटण ब्रायटनला जाते आणि सोळा वर्षांच्या लिडियाला तेथे जाण्याचे निमंत्रण मिळते. तिला पाठवू नये, तिच्या उच्छृंखल वागण्याची झळ सर्व बहिणींना बसेल, असे एलिझाबेथ वडिलांना विनवते. पण विकहॅमविषयी जे ठाऊक आहे ते याही वेळी ती बोलत नाही. मिस्टर बेनेट घरातील शांततेसाठी परवानगी देतात. लिडिया विकहॅमबरोबर पळून जाते.

येथे तत्कालीन कायद्याचा संदर्भ आवश्यक आहे. १७५३ च्या विवाहविषयक कायद्यानुसार इंग्लंडमध्ये एकवीस वर्षांखालील व्यक्तीला परवान्याने विवाह करताना पालकांची संमती आवश्यक होती. स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता. म्हणून पळून जाणारी जोडपी सीमेवरील ग्रेटना ग्रीन गाठत. लिडिया आणि विकहॅम तेथे न जाता लंडनमध्ये राहतात, यावरून विकहॅमचा विवाहाचा हेतूच नाही हे सर्वांना कळून चुकते. कॉलिन्स सांत्वनपर पत्रात मुलगी मेली असती तर बरे झाले असते असा भाव व्यक्त करतो आणि या कुटुंबाशी आपला संबंध जुळला नाही याबद्दल समाधान मानतो.

जॉर्जियानाची अब्रू मौनाने राखली गेली आणि त्याच मौनाने लिडियाला असुरक्षित केले. विकहॅमसारखा मनुष्य निर्धास्त वावरू शकतो, कारण त्याने ज्यांचे अहित केले ते लज्जेपोटी बोलत नाहीत. डार्सी स्वतः ही जबाबदारी ओळखतो. आपल्या खासगी बाबी जगापुढे मांडणे कमीपणाचे मानल्यामुळेच हे अरिष्ट ओढवले, असे तो पुढे गार्डिनर यांना सांगतो. डार्सीच्या अहंकाराची सर्वांत गंभीर परिणती नृत्यसमारंभातील उद्धट उद्गारात नसून या मौनात आहे, असे म्हणता येईल.

६. अब्रूची दुरुस्ती आणि प्रेम

डार्सी लंडनमध्ये त्या दोघांचा शोध घेतो. विकहॅमचे हजार पौंडांहून अधिक कर्ज फेडणे, लिडियाच्या नावे आणखी हजार पौंड ठेवणे आणि विकहॅमसाठी सैन्यातील अधिकारपद विकत घेणे एवढा व्यवहार करून तो विवाह घडवून आणतो व ही गोष्ट गुप्त राखण्याची अट घालतो. प्रतिष्ठेसाठी पाळलेल्या पहिल्या मौनात स्वाभिमान होता. या दुसऱ्या मौनात श्रेय न घेण्याची वृत्ती आहे.

तथापि ही दुरुस्ती लेखिकेने भाबडेपणाने रंगवलेली नाही. फसवणाऱ्या पुरुषाशी विवाह हाच लिडियाच्या उद्धाराचा एकमेव मार्ग समाज मानतो. मिस्टर बेनेट यांना या व्यवहाराने वर्षाला जेमतेम दहा पौंडांचा जादा भार पडतो. आपण उत्पन्नातून काही शिल्लक टाकली नाही याची खंत त्यांना वाटते, पण ती फार काळ टिकत नाही. तारुण्य व रूप यांना भुलून केलेल्या त्यांच्या स्वतःच्या विवाहातच या कुटुंबाच्या दुरवस्थेचे मूळ आहे. बेनेट दांपत्याचा संसार हा प्रेमातील गैरसमज वेळीच दुरुस्त न झाल्याचा नमुना होय.

लिडियाची वार्ता ऐकतानाच एलिझाबेथला आपण डार्सीवर प्रेम करू शकलो असतो, याची जाणीव होते. कारण आता तो आपल्या कुटुंबाशी संबंध जोडणार नाही असे तिला वाटते. शेवटी लेडी कॅथरिन घराण्याच्या इभ्रतीची ढाल पुढे करून एलिझाबेथकडून विवाह न करण्याचे वचन मागते. एलिझाबेथ ते नाकारते आणि हीच बातमी डार्सीच्या मनात आशा निर्माण करते. प्रतिष्ठेच्या नावाने विवाह मोडू पाहणारी व्यक्तीच तो जुळवण्यास कारण ठरते, हा ऑस्टिन यांचा खास उपरोध आहे.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, या कादंबरीत अब्रू ही कुटुंबाची सामाईक मालमत्ता असून तिचा आधार आर्थिक आहे. दुसरी, गैरसमज केवळ व्यक्तिदोषातून नव्हे, तर भावना व सत्य झाकण्याच्या सामाजिक संकेतातूनही उद्भवतात. तिसरी, येथे प्रेमाची कसोटी प्रथमदर्शनी आकर्षणात नसून आपले मत चुकले हे मान्य करण्याच्या क्षमतेत आहे.

ही कादंबरी वर्गात शिकवताना सुखान्त प्रेमकथेवर भर दिला तर लिडियाचे उपकथानक नायक-नायिकेस एकत्र आणणारी एक युक्ती एवढेच उरते. ते केंद्रस्थानी ठेवून वाचन केल्यास वेगळा प्रश्न उपस्थित होतो : घराच्या अब्रूसाठी जे बोलले गेले नाही, त्याची किंमत कोणी मोजली? पेम्बर्लीच्या सुखी संसाराबरोबरच लिडिया आणि विकहॅम यांचा ओढगस्तीचा, ओलावा हरवलेला संसारही लेखिकेने अखेरच्या प्रकरणात नोंदवला आहे. ती नोंद वाचल्याशिवाय या कादंबरीचे वाचन पूर्ण होत नाही.