तळोज्याहून हट्टीच्या सुवर्णभूमीकडे

सोन्याच्या खाणी म्हणतांच आपणांस कोलार आठवतें. परंतु कोलारच्या खाणी २००१ सालीं बंद झाल्या, आणि तळोज्याहून मोटारीनें निघणाऱ्यास तें अंतरही फार. त्याहून बरेंच जवळ, रायचूर जिल्ह्यांत, हट्टी येथें आजही सोनें निघतें. मोटारीची सहल आंखावयाची असेल, तर ती इकडे आंखावी.

पहिल्या दिवशीं पनवेल, पुणें, सोलापूर. तेथें मुक्काम करावाच. एका दमांत हट्टी गांठण्याचा हट्ट बरा नव्हे. दुसऱ्या दिवशीं विजापुरावरून कृष्णा ओलांडून हुनगुंद, मुद्गल व लिंगसुगूर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्या मुलखांतील उन्हाळा सोसण्याजोगा नसतो.

खाण चालू असल्यामुळें आगाऊ परवानगीवांचून आंत जातां येत नाहीं. ती न मिळाल्यास हिरमुसूं नये, कारण आंत गेलें तरी सोनें डोळ्यांना दिसत नाहीं. एक टन दगडांत तें कांहीं ग्रॅमच असतें. खरें नवल आहे तें जुन्या खोदकामाचें. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं येथील खाणकरी दगडाशीं लांकडें पेटवीत, तापलेल्या खडकावर पाणी ओतीत, आणि तडकलेला दगड फोडून, कुटून, धुऊन सोनें वेगळें करीत. अशा रीतीनें ते सहाशे फुटांहूनही खोल गेले होते. ना पंप, ना विजेचा दिवा!

तिसरी सकाळ मस्कीस द्यावी. लिंगसुगुराहून हें गांव तासाभराच्या वाटेवर आहे. अशोकाचे बहुतेक शिलालेख केवळ ‘देवानांप्रिय प्रियदर्शी’ राजाचे म्हणून वाचले जात. तो राजा म्हणजेच अशोक, हें ग्रंथांच्या आधारें ठरविलेलें होतें. १९१५ सालीं मस्कीच्या टेकडीवर जो लेख सांपडला, त्यांत मात्र ‘असोक’ हें नांवच कोरलेलें आहे. तो प्रथम पाहिला सी. बीडन यांनीं. हे गृहस्थ कांहीं पुराणवस्तु-संशोधक नव्हते. सोन्याच्या शोधांत हिंडणारे खाण-अभियंते होते. अशोकाच्या दक्षिणेंतील सुभ्याचें ठाणें ‘सुवर्णगिरि’ याच टापूंत असावें, असा कित्येक विद्वानांचा तर्क आहे. त्या शिळेपुढें उभे राहून तो पटतो.

परततांना मुद्गलचा किल्ला वाटेवरच लागतो. पेट्रोल मात्र लिंगसुगूरलाच भरून घ्यावें.