मराठी मजकूर आणि कार्यप्रणाली

परभणी जिल्ह्यात वैयक्तिक संगणकाविषयीची मते बहुधा किंमत व वेग यांभोवतीच फिरतात. मराठी मजकुरासाठी मात्र कार्यप्रणाली अधिक निर्णायक ठरते. विंडोज ९८ मध्ये देवनागरी युनिकोडची अंगभूत सोय नव्हती; ती विंडोज २००० पासून आली. तत्पूर्वी ‘श्रीलिपी’सारख्या फाँटसंचांत रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर मराठी आकार बसविले जात. तो फाँट नसल्यास पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटत. पेजमेकरची ७.० ही अखेरची प्रमुख आवृत्तीदेखील (२००१) युनिकोडक्षम नव्हती. परिणामी अनेक स्मरणिका, प्रबंध आणि अर्थातच लग्नपत्रिका त्याच रूपात साठल्या. त्या छापता येतात; परंतु अशा फाईलमध्ये ‘गोदावरी’ हा शब्द युनिकोडमध्ये टंकून शोधल्यास सापडत नाही. रूपांतरक आज्ञावल्या उपलब्ध आहेत. तथापि रफार व जोडाक्षरे माणसालाच तपासावी लागतात.