हायब्रिड ट्रक : डिझेल कुठे वाचतं, कुठे वाचत नाही?



हायब्रिड म्हटलं की आपल्याला ज्वारी आठवते. १९६४ साली सी.एस.एच.-१ हे संकरित वाण आलं आणि हा शब्द आपल्या शिवारात रुळला. ट्रकमध्येही अर्थ तोच, संकर. एकाच गाडीत डिझेल इंजिन आणि विजेची मोटर. जपानच्या हिनो कंपनीने २००३ साली असा छोटा ट्रक बाजारात आणला. अमेरिकेत २००४ पासून पार्सल वाटण्यासाठी अशा गाड्या धावू लागल्या. उद्या तुमच्या दूध संस्थेपुढे किंवा भाजीपाला गटापुढे अशी गाडी घेण्याचा प्रश्न आला, तर पैसे मोजण्यापूर्वी तिचा हिशेब समजून घ्या.

वीज येते कुठून?

साध्या हायब्रिड ट्रकला घरच्या विजेवर चार्ज करावं लागत नाही. आपण ब्रेक दाबतो तेव्हा गाडीचा वेग उष्णता होऊन वाया जातो. हायब्रिडमध्ये त्याच वेळी मोटर जनित्रासारखी फिरते आणि बॅटरीत वीज भरते. पुन्हा निघताना तीच वीज गाडीला ढकलते, इंजिनावरचा भार हलका होतो.

किती वीज? ५ टनांचा ट्रक ताशी ३६ किलोमीटरवरून थांबला, तर त्याच्या वेगात सुमारे ०.०७ युनिट शक्ती असते. एका वेळेस काहीच नाही! पण दिवसात १०० वेळा थांबला तर ७ युनिट होतात. त्यातली काही वाटेत गळते, सगळी हाती येत नाही.

बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी

टाकी काठोकाठ भरली की वरून येणारं पाणी वाहून जातं. तळ गाठला की पंप हवा ओढतो. बॅटरीचंही तसंच. म्हणून गाडीतला छोटा संगणक तिला कधी पूर्ण भरू देत नाही, कधी पूर्ण रिकामी होऊ देत नाही. मोटर कधी चालवायची, इंजिन कधी बंद ठेवायचं, हे तोच ठरवतो.

घाटात ही अडचण कळते. ५ टनांचा ट्रक ३०० मीटर खाली उतरला तर सुमारे ४ युनिट शक्ती सुटते. काही ट्रकांची बॅटरी मात्र २ युनिटांहूनही लहान असते. ती भरली की उरलेलं पुन्हा ब्रेकमध्येच जिरतं.

आणखी एक. बॅटरी उतरली की इंजिन तिला भरतं. ती वीज डिझेलचीच, म्हणजे फुकटची नव्हे. फुकट मिळते ती फक्त ब्रेकची.

मग फायदा कुणाला?

अमेरिकेत फिनिक्स शहरात पार्सल वाटणाऱ्या गाड्यांची वर्षभर पाहणी झाली. २००९ साली अहवाल निघाला. हायब्रिड गाड्या तेवढ्याच डिझेलवर सुमारे २९ टक्के जास्त धावल्या. म्हणजे त्याच अंतराला साधारण २२ टक्के डिझेल कमी. पण हे घरोघरी थांबणाऱ्या गाडीचं झालं. रात्रभर हमरस्त्यावर एका वेगाने धावणाऱ्या गाडीला ब्रेकच कमी लागतो, तिथे बचतही थोडी. वर बॅटरी-मोटरचं वजन वाहावं लागतं ते वेगळंच.

ध्यानात ठेवा

१. आधी आठवडाभर वहीत टिपा : रोज किती किलोमीटर, किती थांबे, किती डिझेल.
२. वाडी-वाडीवर थांबून दूध गोळा करणाऱ्या गाडीला फायदा. लांबच्या बाजारपेठेला थेट जाणाऱ्या गाडीला कमी.
३. ब्रेक लांबूनच, हळू दाबा. एकदम दाबला तर वीज थोडीच परत येते.
४. बॅटरीची हमी किती वर्षांची आणि नवी केवढ्याला, हे लेखी घ्या.
५. नारिंगी वायरींना हात लावू नका. त्यांत जीवघेणा दाब असतो. दुरुस्ती शिकलेल्या कारागिराकडूनच करून घ्या.

वाण निवडताना आपण आधी जमीन बघतो. गाडी निवडताना आधी रस्ता बघा.