फिरता फिरता कमाई : खरे किती, खोटे किती?

पहाटे आसनगाव स्टेशनवर उभे राहिले म्हणजे शहापूर तालुका पोट कसे भरतो ते कळते. कोणी भिवंडीच्या गोदामात माल चढवायला, कोणी ठाण्याच्या सोसायटीत वॉचमन, कोणी महापालिकेच्या सफाई खात्यात, कोणी कल्याणच्या दुकानात हिशेब लिहायला. भातसा-तानसाचे पाणी मुंबईला जाते आणि पाण्यामागून आमची माणसे जातात. फरक एवढाच, की माणसे रात्री परत येतात. आम्हीही त्यातलेच. कारकुनीची आमची बरीचशी वर्षे याच गाडीत गेली. पूर्वी डब्यात भजन चाले, पत्ते चालत, एका वर्तमानपत्राची पाने सहा जण वाटून घेत. आता वाशिंद येईपर्यंत सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये.

त्या मोबाईलवर हल्ली एक जाहिरात वारंवार येते. समुद्रकिनारी खुर्ची, मांडीवर लॅपटॉप, हातात शहाळे, आणि खाली मजकूर : फिरा, मजा करा, महिन्याला पन्नास हजार कमवा, अनुभवाची गरज नाही. डब्यात दाराशी लोंबकळत दोन वेळचा प्रवास करणाऱ्या आमच्या पोरांना असे वाटणारच, की आपणही प्रवासच करतो आहोत, मग आपल्याला का नाही? प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तर नीट शोधायचे आम्ही ठरविले. त्याला निमित्त झाले एका माऊलीचे.

ही भगिनी शहापूर तालुक्यातल्या एका वस्तीत राहते. नाव-गाव देत नाही. एका रविवारी विहारातला कार्यक्रम आटोपल्यावर ती थांबून राहिली. सगळे गेल्यावर म्हणाली, "दादा, पोराला काही बोलू नका. दोन दिवस जेवला नाही तो. पण काय झालं ते तुमी विचारून घ्या."

मुलगा बारावी पास, गोदामात कंत्राटी कामाला. गाडीत बसल्या बसल्या त्याला संदेश आला : यूट्यूबवरचे व्हिडिओ लाईक करा, प्रत्येक लाईकला पन्नास रुपये. त्याने तीन केले. दीडशे रुपये खरोखरच खात्यात जमा झाले. इथेच तो फसला, कारण दीडशे रुपये ही मजुरी नव्हती, ते गळाला लावलेले गांडूळ होते. मग टेलिग्रामच्या गटात घेतले. तिथे रोज कोणी ना कोणी 'मला आज आठ हजार मिळाले' असे फोटोसकट टाकत होता. ती सगळी त्यांचीच माणसे. मग 'आधी पैसे भरा, मग काम' असा प्रकार सुरू झाला. त्याने पाच हजार भरले, मग बारा, मग तेवीस. एकूण चाळीस हजार. ते आईने बचत गटातून घर शाकारण्यासाठी उचललेले कर्ज. मोबाईलच्या पडद्यावर त्याच्या नावे एकाहत्तर हजार दिसत होते. काढायला गेला तर म्हणाले, आधी अठरा हजार कर भरा.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, आयुष्य व्हाउचर आणि खतावणीत गेले. आम्ही त्याला एवढेच विचारले, "अरे, मालक नोकराकडून पैसे घेतो असं गोदामात कधी बघितलंस का?" तो खाली मान घालून म्हणाला, "काका, स्क्रीनवर आकडा वाढत होता ना."

तक्रार त्याने नवव्या दिवशी केली, भीतीने. तोवर पैसे चार खाती फिरून गेले होते. वाचक बंधू-भगिनींनो, एक आकडा घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावा : १९३०. सायबर फसवणुकीचा हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. पैसे गेल्याचे लक्षात येताच, जमल्यास त्याच तासात, तिथे कळवावे. पैसा पुढच्या खात्यात थांबलेला असेल तर बँक तो गोठवू शकते. लाजेपायी घालविलेला प्रत्येक तास चोराच्या फायद्याचा. त्या माऊलीने त्या पावसाळ्यात स्वतःची भातलावणी उरकून दुसऱ्यांच्या आवणीला जाऊन गटाचे हप्ते भरले. गटातल्या बायांनी तिला एका शब्दाने बोलले नाही, हे मात्र मुद्दाम नोंदवितो.

फसगतीचे आणखी दोन प्रकार आमच्या भागात फिरताहेत. पहिला फॉर्म भरण्याच्या कामाचा. पाचशे फॉर्म टाईप करा म्हणतात, करारावर सही घेतात, आणि शेवटी 'तुमच्या चुका फार, करारभंग झाला, नुकसानभरपाई भरा' अशी वकिलाच्या नावाची दमबाजीची नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवितात. घाबरून पैसे भरू नयेत. कागद घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळू शकतो. हा हक्क आपल्याकडे फार थोडे लोक वापरतात.

दुसरा प्रकार जास्त वाईट. 'तुझं बँक खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो.' काम काहीच नाही, म्हणून पोरांना ते सोपे वाटते. त्या खात्यातून दुसऱ्या कोणाचे तरी लुटलेले पैसे फिरतात. खाते गोठते, पोलीस दारात येतात, आणि चोर म्हणून नाव लागते ते खातेदाराचे. खाते, एटीएम कार्ड, सिमकार्ड सख्ख्या मित्रालाही देऊ नये.

आणि 'परदेशात फिरा आणि कॉम्प्युटरवर कमवा' याचे टोक कुठे जाते तेही पाहावे. डेटा एंट्रीची नोकरी म्हणून थायलंडला बोलाविलेल्या अनेक भारतीय तरुणांना तिथून म्यानमारमध्ये नेऊन कोंडले गेले आणि लोकांना ऑनलाईन फसविण्याच्या कामाला जुंपले गेले. मार्च २०२५ मध्ये अशा ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. त्या समुद्रकिनारी खुर्चीची ही दुसरी बाजू.

मग फिरता फिरता कमाई करणारे जगात कोणीच नाही काय? आहेत. पण त्यांची गोष्ट उलटी आहे. ते आधी कमावते झाले, मग फिरू लागले. काही देश अशा लोकांना वेगळा व्हिसा देतात. एस्टोनियाने तो २०२० मध्ये सुरू केला, जपानने २०२४ मध्ये. जपानची अट काय, तर वर्षाला किमान एक कोटी येन उत्पन्न आधीच असले पाहिजे. म्हणजे प्रवासातून कमाई निघत नाही. हातात हुन्नर असेल तर तो प्रवासातही बरोबर येतो, एवढेच. गवंड्याची थापी जशी गावोगाव जाते तसे.

आता हुन्नर कुठून आणायचा? इथे आम्हाला त्या मुलाबद्दलच पुढचे सांगायचे आहे.

त्याच्याशी बोलताना सहज कळले, की आजूबाजूच्या पाच गावांत १४ एप्रिलच्या जयंतीचे, वाढदिवसाचे, साखरपुड्याचे बॅनर मोबाईलवर तोच तयार करून देतो. फुकट! अक्षरे सरळ, फोटो नीट कापलेला, शुद्धलेखन आमच्या कचेरीतल्या परिपत्रकापेक्षा बरे. कोणी पैसे विचारत नाही, हाही मागत नाही. ज्या पोराला महिन्याकाठी वीस-पंचवीस गिऱ्हाईके आपणहून शोधत येतात तो पोर काम शोधण्यासाठी अनोळखी माणसाला चाळीस हजार देतो, याला काय म्हणावे? आमच्या लोकांना स्वतःच्या कामाची किंमत सांगायची सवयच लागलेली नाही. वेठबिगारीचा तो जुना डाग असावा, असे आम्हाला कधी कधी वाटते. असो.

आम्ही त्याला दर ठरवून दिला : बॅनर दीडशे, लग्नपत्रिका अडीचशे, अर्धे पैसे आधी. पहिल्या आठवड्यात दोघे नाराज झाले, एक चुलत मामाच होता. पण पाच जणांनी दिले. काम व्हॉट्सअॅपवर येते, व्हॉट्सअॅपवर जाते, पैसे यूपीआयने येतात. हेच ऑनलाईन काम. अमेरिकेचे गिऱ्हाईक असले तरच ते ऑनलाईन, असे नाही. (पैसे घेताना आपला पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन फक्त देताना लागतो. कोणी 'पैसे पाठवतोय, पिन टाका' म्हणाला की समजावे.)

गाडीचा वेळ तो कसा वापरतो हे शिकण्यासारखे आहे. खडवली-टिटवाळ्यापर्यंत बसायला जागा असते तोवर तो अक्षरे मांडतो. लागणारे फोटो आणि अक्षरांचे नमुने आदल्या रात्री घरीच उतरवून घेतो, म्हणजे रेंज गेली तरी काम अडत नाही. कल्याणनंतर गर्दीत मोबाईल खिशात. शेवटचा हात घरी आल्यावर, आणि पाठविण्यापूर्वी आईकडून नावे वाचून घेतो. तिचे शिक्षण सातवीपर्यंत, पण गावातली कोणाची आत्या कोण आणि कोणाचे नाव आधी यायचे, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक?

मुरबाडकडे अजून रेल्वे नाही. तिथल्या पोरांचा प्रवास कल्याणच्या एसटीचा. तीत उभे राहून टाईप करणे अशक्य. तिथल्या एका ताईने वेगळा मार्ग धरला. तिने संगणक टायपिंगची सरकारी परीक्षा दिली, मराठी ३० आणि मग ४० शब्दांची. एसटीत ती कानाला यंत्र लावून ध्वनिफिती ऐकून घेते, घरी आल्यावर दीड तासात त्या टाईप करते. व्याख्याने, मुलाखती, सभांची इतिवृत्ते. मराठीत बोललेले बिनचूक उतरवून देणारी माणसे शहरात पटकन सापडत नाहीत, ही आपली जमेची बाजू.

मराठीपुरतेच शिकलेल्यांना हे काम जमेल का, अशी शंका अनेक पालक काढतात. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी याच प्रश्नावर २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मोबाईलला नवख्या, मुख्यतः स्थानिक भाषाच वाचता येणाऱ्या ग्रामीण लोकांना हाताने लिहिलेले मराठी-हिंदी शब्द साध्या मोबाईलवर उतरवायला दिले. त्यांची अचूकता ९६.७ टक्के निघाली, व्यावसायिक कंपनीच्या तोडीची. लोक इतके रंगून काम करू लागले, की संशोधकांनी वेळेवर मर्यादा घाला अशी शिफारस केली. त्याच प्रयत्नातून पुढे 'कार्या' ही संस्था उभी राहिली. ती भारतीय भाषांतले वाचन-ध्वनिमुद्रणाचे काम मोबाईलवर देते आणि कामगाराकडून पैसे घेत नाही. मात्र असे काम प्रकल्प असेल तेव्हाच मिळते. त्यावर संसार मांडू नये.

वयाची अडचण तर सांगूच नये. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून पाटी घेऊन बसल्या आणि अंगठ्याच्या जागी सही करू लागल्या. त्याच तालुक्यातल्या धसईची गोष्टही लक्षात ठेवावी. १ डिसेंबर २०१६ रोजी ते राज्यातले पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले, दुकानदारांना कार्डाची यंत्रे मिळाली. पण यंत्राला रेंज लागते, आणि गिऱ्हाईकाच्या खिशात आधी पैसा लागतो. मोबाईलचेही तसेच, तो वाट आहे, माल नव्हे. शहापूरच्या कातकरी तरुणांकडे माल होता. त्यांच्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेने रानातली गुळवेल आधी जवळच्या बाजारात विकली, मग केंद्राच्या वनधन योजनेतून ती मोठ्या औषध कंपन्यांपर्यंत नेली.

आता आमच्या आवडीचा भाग, हिशेब. समजा, फायव्हरसारख्या परदेशी संकेतस्थळावरून महिन्यात तीन हजारांचे काम मिळाले. ते २० टक्के कापून घेतात, उरले चोवीसशे. त्यातून मोबाईलचे रिचार्ज तीनशे-साडेतीनशे. वीज, पैसे रूपांतराचा खर्च धरला तर हातात दोन हजारांच्या आसपास. सुरुवातीचे दोन-तीन महिने तेही मिळत नाहीत, कारण नवख्यावर कोणी भरवसा ठेवत नाही. म्हणून गोदामाची नोकरी सोडून या नादी लागू नये. एक शंभर पानी वही घालावी : तारीख, कोणाचे काम, ठरलेले पैसे, आलेले पैसे, खर्च. पॅन कार्ड असावेच. कर लागत नसला तरी प्राप्तिकराचे विवरणपत्र भरावे. उद्या बँकेत कर्ज मागताना गोदामाच्या कंत्राटदाराची चिठ्ठी नव्हे, तो कागद उपयोगी पडतो. मोबाईलवरचे काम वाढले तर पुढे जुना का होईना संगणक घ्यावा लागेल. पुण्याच्या बार्टीतर्फे अनुसूचित जातीच्या तरुणांसाठी प्रशिक्षणे निघतात, त्यांच्या जाहिरातींवर नजर ठेवावी.

त्या मुलाची वही आम्ही दर महिन्याला तपासतो. गेल्या महिन्यात खर्च वजा जाता सव्वीसशे चाळीस रुपये उरले. चाळीस हजारांपैकी अकरा हजार त्याने आईला परत केले आहेत. वहीच्या शेवटच्या पानावर त्या माऊलीने स्वतःच्या अक्षरात बाकी लिहिली आहे : एकोणतीस हजार. चुलत मामाचे दीडशे मात्र अजून येणे आहेत.