जुनी बोलेरो घेताना

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. रोजच्या वापराला जुनी बोलेरो घेतानाही तसेच करा. सकाळी इंजिन थंड असतानाच गाडी सुरू करायला लावा. निळा धूर सतत निघत असेल, तर इंजिन ऑइल खात आहे असे समजा. खाली वाकून चासीचा गंज पाहा. चासीवरचा नंबर आरसी बुकाशी ताडून घ्या. बँकेचा बोजा उतरल्याशिवाय पैसे देऊ नका. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर ५ वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. म्हणजे १३ वर्षांची गाडी घेतली, तर दोनच वर्षांत हा खर्च दारात उभा. डिझेल, विमा, टायर वेगळेच. आधी घरात सर्वांनी बसून हिशेब मांडा, मगच विसार द्या.